गॉगलच्या पावतीवर काचेची श्रेणी लिहा

महोदय,

उन्हाळा लागला की ‘बाहेर पडताना गॉगल वापरा’ ही सूचना वर्तमानपत्रात हमखास येते. सूचना योग्यच आहे, पण कोणता गॉगल, हे त्यात नसते. मी परभणीत चष्म्याच्या दुकानात काम करते. गिऱ्हाईक गॉगल लावून दुकानाच्या पायरीवर जाते, उन्हाकडे बघते आणि जो जास्त काळा तो चांगला समजून घेऊन जाते.

काचेचा काळेपणा आणि उन्हातल्या अतिनील (यूव्ही) किरणांपासून संरक्षण या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. काळ्या रंगाने डोळ्याला दिसणारा उजेड कमी होतो. अतिनील किरण मात्र काचेच्या मटेरियलने किंवा कोटिंगनेच अडतात. ती सोय नसेल, तर काळी काच उलट घात करते. उजेड कमी झाला की बाहुली मोठी होते, डोळे बारीक करणे थांबते आणि किरण सहज आत जातात. वर्षानुवर्षे असेच चालले तर मोतीबिंदूचा आणि बुबुळावर मांस वाढण्याचा धोका वाढतो.

मध्यंतरी एक काका दोन गॉगल तपासायला घेऊन आले. एक बाजारात घेतलेला, काळाकुट्ट, ‘यूव्ही 400’चे चकचकीत स्टिकर लावलेला. दुसरा मुलाचा, फिकट तपकिरी, पॉलिकार्बोनेट या मजबूत प्लास्टिकच्या काचेचा. मशीनवर धरले तर काळ्यातून अतिनील किरण चांगलेच पार होत होते, फिकटातून जवळजवळ नाहीत. काकांनी ते स्टिकर नखाने खरवडून काढले. पॉलिकार्बोनेटची पांढरी, म्हणजे बिनरंगी काचसुद्धा हे किरण अडवते, हे तर बहुतेकांना माहीतच नसते.

‘यूव्ही 400’ म्हणजे 400 नॅनोमीटर तरंगलांबीपर्यंतचे, म्हणजे जवळजवळ सगळे अतिनील किरण अडवणारी काच. काळेपणाचे माप निराळे. आयएसओ 12312-1 या आंतरराष्ट्रीय मानकात त्यासाठी 0 ते 4 अशा श्रेणी आहेत. श्रेणी 2 मधून 18 ते 43 टक्के उजेड आत येतो, श्रेणी 3 मधून 8 ते 18 टक्के. आपल्याकडच्या एप्रिल-मेच्या उन्हाला 3 पुरेशी आहे. श्रेणी 4 मधून जेमतेम 3 ते 8 टक्के उजेड येतो. ती बर्फाच्या डोंगरांसाठी. ती लावून गाडी चालवणे धोक्याचे, म्हणून मानकानेच मनाई केली आहे. तरी तसल्याच काळ्याभोर काचा लावून मोटारसायकली पळवणारी पोरे रोज दिसतात. पोलराइज्ड काचेने रस्त्यावरची चकाकी कमी होते, पण तेवढ्यावरून ती अतिनील किरण अडवते असे समजू नये.

फ्रेमही बघावी. दिवसभर रानात राबणाऱ्यांना बाजूनेही झाकणारी रुंद फ्रेम हवी; छोट्या गोल गॉगलच्या कडेने ऊन सरळ डोळ्यात जाते.

युरोपात गॉगलसोबत श्रेणी लिहून देणे बंधनकारक आहे. आपल्याकडच्या दुकानदारांनी निदान पावतीवर श्रेणी आणि यूव्ही मर्यादा लिहावी, आणि ज्यांच्याकडे मशीन आहे त्यांनी कुणाचाही गॉगल फुकट तपासून द्यावा. मिनिटभराचे काम आहे. आपणही यंदाच्या सूचनेत ‘श्रेणी 3, यूव्ही 400, तपासून घ्या’ एवढे शब्द जोडावेत, ही विनंती.

आपली,
एक वाचक, परभणी