लिओपोल्डच्या भिंती आणि खुर्च्या

संपादक महोदय,

कुलाब्याच्या लिओपोल्ड कॅफेचा विषय निघाला की 26 नोव्हेंबर 2008 च्या गोळ्यांच्या खुणांवरच बोलणं थांबतं. त्या खुणा जपल्या हे योग्यच. पण दुकान 1871 चं आहे. इराणी मंडळींनी ते काढलं तेव्हा तिथे घाऊक तेलाचा व्यापार होता, खानावळ नंतर आली. नाव मात्र बेल्जियमच्या राजाचं!

शहरातल्या अशा बिअर मिळणाऱ्या जुन्या हॉटेलांच्या पाट्यांवर ‘परमिट रूम’ असतं. हा शब्द 1949 च्या दारूबंदी कायद्याची देणगी. पिणाऱ्याकडे परवाना हवा, ही अट आजही कागदावर आहे.

आम्हाला खरी काळजी आहे ती सामानाची. इराणी हॉटेलांत दिसणारी वाकवलेल्या लाकडाची खुर्ची मूळची व्हिएन्नाच्या थोनेट या फर्निचर कंपनीची, 1859 ची: लाकडाचे 6 तुकडे, 10 स्क्रू, 2 नट. बीच या युरोपी झाडाचं लाकूड वाफवून साच्यात वाकवतात. सांधा हलला की स्क्रू घट्ट करायचा, एवढंच. पण सुतार बऱ्याचदा खिळा ठोकतो. वाकवलेलं लाकूड आधीच ताणात असतं, ते रेषेत चिरतं आणि खुर्ची भंगारात जाते. संगमरवरी टेबलांचंही तसंच. लिंबू किंवा ॲसिडने डाग काढायला गेलं की डागाबरोबर झिलईही जाते आणि उरतो पांढुरका, खरखरीत चट्टा. साधा सौम्य साबण, ओलं फडकं आणि लगेच कोरडं पुसणं पुरतं.

— जुन्या लाकडी सामानाची दुरुस्ती करणारे काही कारागीर, मुंबई