‘एंजल्स क्राय’ ऐकण्यापूर्वी

प्रिय समीर,

सप्रेम नमस्कार.

पॉवर मेटल, म्हणजे हेवी मेटलचा वेगवान आणि सुरेल प्रकार, कोणत्या अल्बमपासून ऐकायला घ्यावे, असे तू विचारले होतेस. जर्मन बँडांची नावे तुला कोणीही सांगेल. मी मात्र ब्राझीलमधल्या साओ पाउलोच्या ‘अँग्रा’ या बँडचा १९९३ साली आलेला पहिला अल्बम ‘एंजल्स क्राय’ आग्रहाने सुचवतो.

तो ध्वनिमुद्रित झाला हॅम्बुर्गला, जर्मन गिटारवादक काय हान्सेन याच्या स्टुडिओत. अल्बम आला तेव्हा गायक आंद्रे मातोस बावीस वर्षांचा होता आणि गिटारवादक किको लोरेरो एकवीस. मातोसने संगीतरचनेचे आणि वाद्यवृंद-संचालनाचे रीतसर शिक्षण घेतले होते, हे पहिल्याच मिनिटात कळते: अभिजात संगीतकार शूबर्टच्या ‘अपूर्ण’ सिंफनीवर बेतलेला छोटासा तुकडा वाजतो आणि त्याच्या पाठोपाठ ‘कॅरी ऑन’ सुसाट सुटते. पुढे शीर्षकगीतात पागानीनी भेटतो, ‘ईव्हिल वॉर्निंग’मध्ये विवाल्दीचा ‘हिवाळा’ डोकावतो. ब्रिटिश गायिका केट बुशचे ‘वदरिंग हाइट्स’ गाण्याचे धाडसही मातोस करतो आणि त्या उंच स्वरांत त्याचा आवाज कुठेही ओढल्यासारखा वाटत नाही.

परंतु युरोपीय अभिजात संगीताची सांगड गिटारशी घालणारे बँड तेव्हाही पुष्कळ होते. माझ्या मते या अल्बमचे खरे मोल ‘नेव्हर अंडरस्टँड’ या गाण्यात आहे. ईशान्य ब्राझीलमध्ये अ‍ॅकॉर्डियन, झाबुंबा नावाचा ढोल आणि लोखंडी त्रिकोण यांच्या साथीने ज्यावर लोक नाचतात, तो बाइयाँ हा ठेका त्यात ऐकू येतो. याच गाण्यात हान्सेनसह जर्मन वादकांनी पाहुणे म्हणून गिटार वाजवली आहे, तरी गाण्याची चाल ब्राझीलचीच राहते. परदेशी जाऊन, परदेशी साच्याचे संगीत करत असताना या पोरांनी आपल्या मातीचा ताल सोडला नाही, याचे मला मनापासून कौतुक वाटते. लोक ‘कॅरी ऑन’चा वेग वाखाणतात, आणि तो वाखाणण्याजोगा आहेच, पण बँडची पुढची वाट ‘नेव्हर अंडरस्टँड’मधून निघाली, असे मला वाटते. १९९६ च्या ‘होली लँड’ या अल्बममध्ये तर ब्राझीलची भूमी आणि तिथे पोर्तुगीजांचे येणे हाच विषय झाला.

मातोस २०१९ साली, अवघ्या सत्तेचाळिसाव्या वर्षी गेला. त्याचा आवाज ऐकायचा तर फोनवर नको, चांगले हेडफोन लाव आणि गाणी क्रमानेच ऐक. ऐकून झाले की सविस्तर लिही. मग ‘होली लँड’बद्दल बोलू.

तुझा,
अनिकेत