आई-बाबा, रॉबिन हूड्स बेला यायच्या आधी

लीड्स

ती. आई-बाबा,
सा. न.

बाबा, आधी तुमच्या प्रश्नाचं उत्तर: आपण जूनमध्ये जाणार ते समुद्रकाठचं रॉबिन हूड्स बे हे गाव लोककथांतल्या त्या रॉबिन हूडचंच का? रॉबिन हूडचा या गावाशी संबंध असल्याचा कसलाही पुरावा नाही. नाव मात्र जुनं आहे. सोळाव्या शतकात जॉन लीलंड इंग्लंडभर टिपणं काढत हिंडला, त्याने इथे २० होड्यांचं कोळ्यांचं गाव असल्याची नोंद केली आहे. जवळपासचे लोक एवढं लांबलचक नाव घेतच नाहीत, नुसतं ‘बे’ म्हणतात.

आणि आई, “दगडधोंड्यांचा किनारा बघायला एवढ्या लांब कशाला?” असं तू म्हणालीस ना? देव्हाऱ्यातला शाळिग्राम आणि बाबांच्या दाढीच्या डब्यातली तुरटी, या दोघांचे भाऊबंद तुला तिथल्या काळ्या खडकात भेटतील. म्हणून.

लीड्सहून यॉर्कमार्गे स्कार्बरोपर्यंत आगगाडी आणि तिथून एक्स ९३ नंबरची बस. तीच बस पुढे व्हिटबीला जाते. बस आपल्याला गावाच्या माथ्यावर सोडते. खरं जुनं गाव त्याखाली, समुद्राकडे उतरणाऱ्या घळीत आहे. रस्त्याचा उतार तीनास एक, म्हणजे तीन फूट पुढे गेलं की एक फूट खाली. पर्वतीच्या पायऱ्या परवडल्या, निदान तिथे पाऊल सपाट पडतं. बाहेरच्यांच्या गाड्या खाली नेऊ देत नाहीत, वरच्या वाहनतळावरच ठेवायच्या. रस्त्याच्या कडेला पायऱ्या आणि लोखंडी कठडा आहे. बाबा, उतरताना कठड्याची बाजू धरा आणि काठी दुसऱ्या हातात घ्या. चढताना दम लागतो, पण गुडघ्याला त्रास होतो तो उतरताना. म्हणून सकाळी ताज्या पायांनी एकदाच खाली जायचं आणि संध्याकाळी एकदाच वर यायचं. मधे विसरलेली शाल आणायला वर जायचं नाही.

खाली घरं एकमेकांच्या खांद्यावर उभी आहेत, वर लाल कौलं. गल्ल्या इतक्या अरुंद की दोन छत्र्या समोरासमोर आल्या तर एकीला मिटावं लागेल. अठराव्या शतकात इथे चोरट्या मालाचा धंदा जोरात होता: जिन, ब्रँडी, तंबाखू, रेशीम आणि मुख्य म्हणजे चहा. चहावर तेव्हा शंभर टक्क्यांहून जास्त कर होता. १७८४ मध्ये तो साडेबारा टक्क्यांवर आणला आणि चोरट्या चहातली मजाच गेली. रेशमाचा गठ्ठा किनाऱ्यावरून माथ्यापर्यंत ऊन न लागता घराघरांतून जायचा, असं गावात सांगतात. किती खरं ते देव जाणे, पण घरं बघून पटतं. गावाखालून किंग्ज बेक नावाचा ओढा बोगद्यातून थेट किनाऱ्यावर येतो, त्याचं तोंड खालून दिसतं.

उताराची खरी कल्पना यायला १८८१ सालचा जानेवारी आठवावा लागतो. हिमवादळात ‘व्हिजिटर’ नावाचं जहाज बुडालं आणि त्यावरची ६ माणसं छोट्या होडीत अडकली. गावाची स्वतःची बचावनौका पाण्यात घालण्याजोगी नव्हती, म्हणून व्हिटबीला तार केली. समुद्रमार्गे येणं शक्य नव्हतं. तेव्हा व्हिटबीकरांनी आपली नौका गाड्यावर चढवून जमिनीवरून ओढत आणली: जवळजवळ १० किलोमीटर, मधे दीडशे मीटरचा चढ, १८ घोडे आणि पुढे बर्फ उपसणारी दोनशेच्या आसपास माणसं. शेवटी हाच उतार. दोर लावून, मागे ओढून धरत नौका गल्लीतून खाली सोडली. पहिल्या खेपेला लाटांनी वल्ही मोडली, दुसऱ्या खेपेला सहाही जण वाचले.

आता भरती-ओहोटी. हा भाग दोनदा वाचा.

ओहोटीला खाली काळ्या कातळाच्या कमानी उघड्या पडतात, एकाबाहेर एक, शेणाने सारवताना हाताचे वळसे उमटतात तशा. कातळ मुळात घुमटासारखा वर फुगलेला होता. समुद्राने तो वरून कापून काढला, मऊ थर झिजले आणि कठीण थरांच्या कडा राहिल्या. कांदा आडवा कापल्यावर दिसतो तसं. इथे या कडांना ‘स्कार’ म्हणतात. भरतीला यातलं काहीच दिसत नाही, पाणी थेट गावाच्या भिंतीला आणि कड्याच्या पायथ्याला लागतं. धोका समोरून येणाऱ्या लाटेचा कमी आणि मागून भरणाऱ्या पाण्याचा जास्त. कडांमधले चर आधी भरतात. आपण पुढच्या कडेवर शिंपले बघत असतो आणि परतीच्या वाटेत गुडघाभर पाणी झालेलं असतं.

म्हणून नियम असा: ओहोटीच्या वेळेच्या दोन तास आधी किनाऱ्यावर उतरायचं, पाणी मागे हटतं तसं पुढे जायचं, आणि ओहोटीनंतर तासाभरात परत धक्क्यावर. बॉगल होल नावाची छोटी खोबण दक्षिणेला सुमारे एक किलोमीटरवर आहे. तिथली जुनी पाणचक्की आता वसतिगृह झाली आहे. तिथून कड्यावर चढायला वाट आहे, त्यामुळे उशीर झालाच तर किनाऱ्याने परतायचा हट्ट न करता वरून यायचं. (बॉगल म्हणजे खोड्या काढणारं भूत. आपल्या चकव्याचा लांबचा नातेवाईक समजा.)

तक्ता वाचताना एक ठरलेली चूक होते. भरतीचे काही तक्ते ग्रिनिच वेळेत छापलेले असतात, पण मार्चअखेर ते ऑक्टोबरअखेर इथली घड्याळं एक तास पुढे असतात. तक्त्यात १० असेल तर मनगटावर ११. तक्त्याच्या कोपऱ्यात बारीक अक्षरात काय लिहिलंय ते आधी बघायचं.

बाबा, कोकणातलं ‘तिथीची पाऊणपट म्हणजे भरतीची वेळ’ हे गणित इथे लावू नका. आपल्याकडे पौर्णिमेला भरती बाराच्या आसपास येते. इथे ती अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास चार-पाचला येते, उन्हाळी घड्याळाने पाच-सहाला. म्हणजे उधाणाच्या दिवसांत मोठी ओहोटी सकाळी अकरा-बाराला मिळते. न्याहारी करून निवांत उतरावं अशी वेळ! अष्टमीच्या आसपास भांगाच्या दिवसांत पाणी फार मागे जात नाही आणि ओहोटीही सकाळ-संध्याकाळ अडनिड्या वेळी पडते.

बूट रबरी तळाचे आणि घोट्यापर्यंतचे. तपकिरी, फुगे असलेल्या शेवाळावर पाय दिला की घसरलाच. पाय नेहमी पांढुरक्या, खरखरीत कातळावर ठेवायचा, तिथे बार्नेकल नावाच्या, खडकाला चिकटून राहणाऱ्या बारीक समुद्री जीवांचे खवले असतात आणि पकड मिळते. कड्याच्या अगदी खाली बसायचं नाही. कड्याचा वरचा भाग हिमयुगातल्या हिमनदीने आणून टाकलेली चिकणमाती आहे, पावसाने ती भिजली की दरड येते. १७८० मध्ये गावात यायचा जुना रस्ताच घरांसकट खाली गेला. आत्ताची उंच समुद्रभिंत १९७५ ची, साधारण १२ मीटरची.

त्याच हिमनदीने लांबचे पाहुणेही आणलेत. गुलाबी, मोठ्या स्फटिकांचा गोटा दिसला तर तो देशाच्या पार पश्चिमेकडून, शॅपहून आलेला ग्रॅनाइट. गंमत म्हणजे आयरिश समुद्राकडून इथपर्यंत सुमारे ३०० किलोमीटर चालत येणाऱ्यांची वाटही शॅपवरूनच जाते. ती वाट आल्फ्रेड वेनराइटने १९७३ मध्ये आखून दिली. हे लोक पश्चिम किनाऱ्यावरून खिशात एक खडा आणतात आणि इथे पाण्यात टाकतात. धक्क्यावर बूट काढून पाय भिजवत बसलेलं कोणी दिसलं तर समजा, चालणं आत्ताच संपलंय.

आता शाळिग्राम. आपल्या शाळिग्रामातलं चक्र म्हणजे अमोनाइट, गोगलगायीसारखं वेटोळं घातलेला समुद्री जीव. गंडकीच्या पात्रात मिळतो त्याचे चुलतभाऊ इथे मिळतात. वयाने थोरले, सुमारे १९ कोटी वर्षांचे. खाडीच्या दक्षिण टोकाला वाइन हेवन इथले थर जगासाठी प्रमाण मानलेत: पृथ्वीच्या इतिहासातला एक कालखंड, प्लीन्सबाखियन, तिथल्या एका थरापासून मोजतात. आपण चक्राला विष्णूचं म्हटलं, इथल्यांना त्यात साप दिसला. व्हिटबीच्या मठाची प्रमुख हिल्डा, सातव्या शतकातली. तिने सापांचे दगड केले अशी दंतकथा आहे. सापाला डोकं कुठाय, असं गिऱ्हाईक विचारणार म्हणून विकणारे दगडाला डोकं कोरूनही देत. शास्त्रज्ञांनी एका अमोनाइटला हिल्डोसेरास नाव देऊन तिचा मान राखला.

शोधायचं ते सुट्या गोट्यांत. कड्यात हातोडी चालवायची नाही, जागा संरक्षित आहे आणि डोक्यावर दगडही येतात. पाण्याच्या रेषेजवळ गोट्यांच्या पट्ट्यात बसून एकेक उलटायचा. गोलसर, करड्या रंगाचा आणि कडेला कंगव्यासारख्या रेघा असलेला गोटा असेल तर हातात घ्यायचा. बंदुकीच्या गोळीसारखं टोकदार दिसतं ते बेलेम्नाइट, माकुळीसारख्या जुन्या जीवाचा अवशेष. वाकड्या जाड नखासारखी शिंपली, तिला लोक सैतानाचं नख म्हणतात. एखाद-दुसरा घ्या, पिशवी भरू नका. विमानात वजन तुम्हालाच भरावं लागणार आहे!

तुरटीसाठी दक्षिणेच्या टोकावर, रेव्हन्सकारला जायचं. ते १८० मीटर उंचावर आहे, म्हणून टॅक्सीने वर जाऊ आणि जुन्या रेल्वेमार्गाने सात-एक किलोमीटर उतरत बेला परत येऊ. हा मार्ग १८८५ ला सुरू झाला, १९६५ ला बंद पडला. रुळांखाली खडीऐवजी कोळशाची राख होती, म्हणून त्याला सिंडर ट्रॅक म्हणतात. उतार आगगाडीला झेपेल इतकाच, त्यामुळे तुमच्या गुडघ्यांनाही झेपेल.

वाटेच्या खालच्या अंगाला तुरटीच्या कारखान्याचे अवशेष आहेत, १६५० च्या सुमारास सुरू होऊन १८६२ पर्यंत चाललेला. दगडी हौद, पन्हळी, भिंतींचे पाये. तुरटी तेव्हा कापडाचा रंग पक्का करायला आणि कातडं कमवायला लागायची. कृती ऐक, आई. इथल्या काळ्या शेल खडकाच्या वरच्या थरांत लोह आणि गंधकाचं खनिज बारीक मिसळलेलं असतं. खडक फोडून झाडाच्या फांद्यांवर रचायचा, टेकडीएवढा ढीग करायचा आणि नऊ-नऊ महिने धुमसत ठेवायचा. गंधकाचं आम्ल होऊन ते खडकातल्या अॅल्युमिनियमला लागतं. आच भडकली तर गंधक धूर होऊन उडून जातं, म्हणून ढिगाला ओल्या चुऱ्याने लिंपत राहायचं. मग भाजलेला खडक हौदात पाण्यात भिजवायचा, अर्क पन्हळीने खाली न्यायचा, कढवायचा. त्यात पोटॅश किंवा अमोनिया मिळाल्याशिवाय तुरटी धरत नाही. पोटॅश समुद्री शेवाळाच्या राखेतून, आणि अमोनिया शिळ्या मूत्रातून. हो, माणसांच्याच! लंडनहून पिंपं भरभरून जहाजाने यायची.

सगळ्यात अवघड काम म्हणजे कढण कधी थांबवायचं ते ओळखणं. त्या अर्कात तुरटीबरोबर हिराकस, म्हणजे लोह आणि गंधकाचा क्षारही असतो. जास्त आटवलं तर तोही खडा धरतो आणि लोखंडाने रंग काळवंडतो. कमी आटवलं तर काहीच धरत नाही. खूण अशी सांगतात की अर्कात अंडं टाकायचं, तरंगलं की झालं. पाकाची तार बघतेस तसंच. एवढं करून टनभर तुरटीला पन्नास टनांहून जास्त खडक लागायचा. एकोणिसाव्या शतकात गंधकाच्या आम्लाने कोळशाच्या खाणीतल्या शेलपासून स्वस्त तुरटी निघू लागली आणि इथले ढीग विझले.

रेव्हन्सकारमध्ये रिकामे रस्तेही दिसतील. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीला एका कंपनीने तिथे मोठं पर्यटननगर आखलं, गटारं घातली, प्लॉट विकायला काढले. पण वारा बोचरा, खाली वाळू नाही आणि समुद्र १८० मीटर खाली. शेवटी घरं मोजकीच उभी राहिली.

व्हिटबीला जेटचे काळे दागिने दिसतील. जेट म्हणजे जुन्या झाडाच्या लाकडाचा बनलेला काळा, हलका पदार्थ. अल्बर्ट गेल्यावर राणी व्हिक्टोरियाने सुतकात तो वापरला आणि घरोघर आला. आपल्याकडे काळे मणी सौभाग्याचे, इथे सुतकाचे! घ्यायचाच असेल तर बिनचकाकीच्या पांढऱ्या चिनी मातीवर घासून बघायचं. रेघ तपकिरी आली तर जेट, काळी आली तर कोळसा. जेट म्हणून काळी काच गळ्यात मारली तर ती हाताला गार आणि जड लागते.

खाण्याचं एकच सांगते. यॉर्कशरमध्ये बऱ्याच ठिकाणी चिप्स गाईच्या चरबीत तळतात. बटाटाच आहे म्हणून न विचारता घेऊ नका. “तेलात की ड्रिपिंगमध्ये?” एवढं विचारायचं. आणि जूनमध्येसुद्धा स्वेटर हवा. गार समुद्रावर उबदार हवा आली की अर्ध्या तासात धुकं दाटतं, ‘फ्रेट’ म्हणतात त्याला, आणि माथ्यावर ऊन असतानाही खाली गावात शाल लागते.

आई, आता एक काम कर. स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयाचं जूनचं पान काढ आणि अमावास्या-पौर्णिमा कोणत्या तारखांना आहेत ते कळव. पंचांग भारताच्या वेळेचं असलं तरी एवढ्यापुरतं चालेल. सगळ्यात मोठी ओहोटी एक-दोन दिवस मागाहून येते, म्हणून तिथीच्या दुसऱ्या दिवसापासून तीन रात्रींची खोली बघते. खोली वरच्या अंगालाच घेऊ ना?

तुमची,
ताई