अर्जात घर आहे, जमीन कुठे आहे?

संपादक महोदय,

स.न.वि.वि.

डोंगरउतार, ओढ्याकाठ, पाणथळीची कड, जंगलालगतचे माळरान अशा नाजूक जागी पर्यावरणपूरक घर बांधण्याचा अर्ज फेटाळला गेला, की दोन्हीकडून ठरलेली वाक्ये ऐकू येतात. अर्जदार म्हणतो, भिंती मातीच्या, वीज सौर, पावसाचे पाणी साठवणार, मग हरकत कसली? स्थानिक प्राधिकरण म्हणते, जागा संवेदनशील आहे. दोघांचेही म्हणणे खरे असते आणि तरी प्रश्न तिथेच राहतो. कारण बहुतेक अर्जांत घराचे वर्णन पानेच्या पाने असते आणि ज्या जमिनीमुळे परवानगी अडते, तिच्याबद्दल दोन ओळीही नसतात.

साधे गणित पाहा. १०० चौ.मी. छपरावर ५० मिमी पाऊस पडला तर ५,००० लिटर पाणी उतरते. टाकी एक-दोन चांगल्या पावसांतच भरते. त्यानंतरचे पाणी कुठे जाणार, हे नकाशात क्वचितच दाखवलेले असते. टाकीच्या सांडव्याचा पाइप उतारावर नुसता सोडून दिला तर तिथे ओघळ पडते, ती दरवर्षी खोल होते आणि तिची माती खालच्या ओढ्यात जाते. सांडवा समतल रेषेवर रचलेल्या दगडगोट्यांच्या चरात सोडून पाणी रुंद पसरवले तर हेच नुकसान टळते. चराची लांबी, रुंदी आणि जागा नकाशावर असली की तपासणाऱ्याची एक मोठी शंका तिथेच मिटते.

उताराचेही तसेच. पाचास एक (पाच मीटर अंतराला एक मीटर) उतारावर १० मीटर रुंदीचे घर सपाट जोत्यावर बसवायचे तर दोन कडांमध्ये २ मीटरचा फरक पडतो. मागे १ मीटर खोदून तीच माती पुढे भराव म्हणून टाकण्याची सर्रास पद्धत आहे. मग घराचा अर्धा भाग मूळ जमिनीवर आणि अर्धा भरावावर उभा राहतो. भराव बसतो, मूळ जमीन बसत नाही आणि दोन्हींच्या सांध्यावर भिंतीला तडा जातो. मागच्या खोदलेल्या कडेतून पावसाळ्यात पाझर फुटतो, तो वेगळाच. खांबांवर उचललेले घर अशा जागी अधिक योग्य ठरते, कारण पाणी खालून वाहत राहते आणि खोदाई खांबांपुरतीच होते.

मातीच्या भिंतींबद्दल आम्हा बांधकामवाल्यांना आस्था आहे, म्हणूनच हे लिहितो. ४० मीटर लांब, ३ मीटर उंच आणि ३० सेंमी जाड भिंत म्हणजे ३६ घनमीटर माती. दारे-खिडक्या वजा केल्या तरी ६ मीटर लांब-रुंद आणि जवळजवळ १ मीटर खोल खड्डा होतो. 'जागेवरचीच माती वापरणार' असे अर्जात लिहिताना तो खड्डा कुठे घेणार आणि नंतर त्याचे काय करणार, हे लिहायला नको का? वरचा सुपीक थर वेगळा काढून ठेवावा लागतो. त्याचा ढीग २ मीटरपेक्षा उंच केला तर आतल्या मातीला हवा मिळत नाही आणि तिच्यातली जीवसृष्टी मरते.

सर्वांत दुर्लक्षित बाब रस्त्याची. घर १०० चौ.मी.चे, पण त्याच्यापर्यंत जाणारा १०० मीटर लांब आणि साडेतीन मीटर रुंद रस्ता ३५० चौ.मी. जमीन खातो. वाळूचा ट्रक आणि पुढे अग्निशमनाची गाडी यायची तर तो टणकही करावा लागतो. म्हणून घराची जागा दृश्य कुठून चांगले दिसते यावरून न ठरवता आहे त्या वाटेला जितकी जवळ नेता येईल तितकी न्यावी.

आता सांडपाणी. 'शोषखड्डा करणार' एवढ्यावर अर्ज भागवला जातो. जमीन पाणी शोषते का, हे मोजून पाहायची एक साधी रीत, म्हणजे पाझर चाचणी, ब्रिटनच्या इमारत नियमांत दिली आहे आणि ती कुठेही करता येते. निचऱ्याचा पाइप ज्या पातळीला येणार तिच्याखाली ३० सेंमी लांब-रुंद-खोल खड्डा घ्यायचा. तो पाण्याने भरून रात्रभर मुरू द्यायचा. दुसऱ्या दिवशी पुन्हा भरायचा आणि पाऊण खड्ड्यापासून पाव खड्ड्यापर्यंत, म्हणजे १५० मिमी पाणी उतरायला किती सेकंद लागतात ते मोजायचे. त्याला १५० ने भागायचे. किमान दोन खड्ड्यांत तीन-तीन वेळा मोजून सरासरी काढायची. उत्तर १२ ते १०० च्या दरम्यान हवे. १०० च्या वर म्हणजे ते पाणी उतरायला चार तासांहून जास्त लागले. अशा जमिनीत सांडपाणी वर येऊन साचते. १२ च्या खाली, म्हणजे अर्ध्या तासाच्या आत पाणी गडप झाले तर अर्जदार खूश होतो, पण तेही वाईटच: सांडपाणी गाळले न जाताच भूजलात उतरते. भर उन्हाळ्यात भेगाळलेल्या जमिनीवर किंवा मुसळधार पावसात केलेली चाचणी ग्राह्य धरू नये. भूजलाची पातळी मात्र ओल्या ऋतूतच तपासावी, कारण कोरड्या दिवसांत ती फसवते. चाचणी नापास झाली तर वनस्पतींच्या गाळण-वाफ्याचा किंवा दोन कप्प्यांच्या खत-शौचालयाचा पर्याय राहतो. पण वाफ्यातली झाडे रुजून जोमाने कामाला लागायला वेळ लागतो, तोवरची सोय अर्जात दाखवावी.

झाडांबाबत 'एकही झाड तोडणार नाही' हे वाक्य पुरेसे नाही. झाड उभे राहते आणि चार-पाच वर्षांनी वाळते, कारण बांधकामात मुळे तुटलेली किंवा दबलेली असतात. जमिनीपासून दीड मीटर उंचीवर खोडाचा व्यास मोजावा आणि त्याच्या १२ पट त्रिज्येचे वर्तुळ आखावे. ५० सेंमी खोडाला ते ६ मीटर येते. त्या वर्तुळात खोदाई, भराव, सिमेंटच्या गोण्या, गाड्या काहीही नको. कुंपण काम सुरू होण्याआधी घालायला हवे. यंत्र एकदा फिरून गेल्यावर घातलेल्या कुंपणाचा उपयोग नाही.

क्रमही महत्त्वाचा आहे. आधी उतार, ओघळी, झाडे, पाणथळ, पूररेषा दाखवणारा मोजणी-नकाशा, मग प्राधिकरणाशी अनौपचारिक चर्चा, मग घराचा आराखडा. प्रत्यक्षात आराखडा आधी होतो आणि जमीन नंतर त्यात कोंबली जाते. पक्षी, बेडूक, हंगामी वनस्पती यांची पाहणी त्यांच्या ऋतूतच करावी लागते. तो ऋतू चुकला तर वर्ष जाते आणि त्याचे खापर अधिकाऱ्यांवर फुटते. परवानगी मिळाल्यावर अटींची पूर्तता होण्याआधीच जमीन सपाट करायला घेणे ही दुसरी नेहमीची चूक. मग मिळालेली परवानगीही धोक्यात येते.

प्राधिकरणाला खरी भीती पायंड्याची असते आणि ती रास्त आहे. एक घर जमीन सोसते, त्या घराकडे बोट दाखवून आलेली पुढची दहा सोसेलच असे नाही. यावर ब्रिटनमधल्या वेल्सने २०१० पासून 'वन प्लॅनेट डेव्हलपमेंट' या धोरणातून एक मार्ग काढला. जिथे एरवी नवे घर होऊ दिले जात नाही अशा मोकळ्या ग्रामीण भागातही घराला परवानगी मिळू शकते, पण अटी मोजता येण्याजोग्या आहेत. राहणाऱ्याचा पर्यावरणीय ठसा, म्हणजे त्याच्या गरजा भागवायला लागणारी जमीन, माणशी २.४ जागतिक हेक्टर (जगातील सरासरी उत्पादकतेच्या जमिनीचे हेक्टर) किंवा कमी हवा. अन्न, उत्पन्न, ऊर्जा आणि कचरा यांबाबतच्या किमान गरजा पाच वर्षांत त्याच जमिनीवर भागायला हव्यात. दरवर्षी अहवाल द्यावा लागतो. आणि अटी पाळल्या गेल्या नाहीत तर घर काढून जमीन पूर्ववत कशी करणार, याचा आराखडा अर्जासोबतच द्यावा लागतो.

हे शेवटचे कलम प्रत्येक स्थानिक प्राधिकरणाने उचलावे, अशी माझी आग्रहाची विनंती आहे. उपटून काढता येणारे खांब आणि सुटे करता येणारे सांधे वापरणाऱ्याला ते जड जाणार नाही. जाड काँक्रीटचा पाया घालून वर माती लिंपणाऱ्याला मात्र ते लिहिता येणार नाही, आणि नेमका तोच अर्ज वेगळा काढायचा आहे. सोबत परवानगीच्या अटी, मुळांच्या वर्तुळांसह नकाशा आणि पाझर चाचणीचे आकडे जागेवर फलक लावून जाहीर करावेत. कुंपण कुठे हवे होते आणि कुठे घातले आहे, हे मग शेजाऱ्यालाही पडताळून पाहता येईल.

आपला विश्वासू,
एक वाचक (स्थापत्य अभियंता)