‘योग करा’ एवढ्याने भागत नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

२१ जून जवळ आला की वर्तमानपत्रांत आणि सोसायट्यांच्या सूचनाफलकांवर निरनिराळ्या आजारांसाठी योगाची सदरे आणि शिबिरांच्या जाहिराती झळकू लागतात. अलीकडे त्यांत फायब्रोमायल्जियाचे, म्हणजे अंगभर सतत दुखत राहण्याच्या आजाराचेही नाव दिसते. गेली नऊ वर्षे हा आजार अंगावर वागवणारी एक निवृत्त शिक्षिका म्हणून मला त्याचा आनंदच होतो, कारण एके काळी हे नाव उच्चारले तर लोक पुन्हा सांगा म्हणत. मात्र या आजाराच्या रुग्णाने योग किती, कोणत्या वेळी आणि कोणत्या गतीने करावा, हे त्या मजकुरात जवळजवळ कधीच नसते. ते नसल्यामुळे काय होते हे मी स्वतः भोगले आहे, म्हणून हे पत्र.

ज्यांच्या घरात हा आजार नाही त्यांच्यासाठी थोडे सांगते. सकाळी उठावे तर रात्रभर कोणी अंग कुटून काढल्यासारखा ठणका असतो, आठ तास पडून राहूनही झोप झाल्यासारखी वाटत नाही, ओली चादर पिळताना मनगटापासून खांद्यापर्यंत कळ जाते आणि फळ्यासमोर उभे असताना वीस वर्षे शिकवलेला शब्द ऐन वेळी आठवत नाही. रक्त तपासले, एक्स-रे काढला, तर सगळे नॉर्मल येते, कारण सांधा झिजलेला किंवा सुजलेला नसतोच. वेदनेचा निरोप मेंदूपर्यंत नेणारी आणि त्याचा अर्थ लावणारी यंत्रणाच गरजेपेक्षा फार जास्त जागी झालेली असते. पूर्वी, म्हणजे १९९० च्या निकषांनुसार, शरीरावरच्या १८ ठरावीक जागा दाबून त्यांपैकी किमान ११ जागी दुखते का, हे पाहत. २०१० पासून दुखणे किती भागांत पसरले आहे, थकवा, झोप आणि विसराळूपणा यांचाही हिशेब निदानात धरला जाऊ लागला. बायकांमध्ये हा आजार अधिक आढळतो आणि ‘वय झाले’, ‘टेन्शन घेऊ नका’ ही वाक्येही त्यांच्याच वाट्याला अधिक येतात. माझी चार वर्षे थायरॉइड, बी-१२ आणि डी जीवनसत्त्व यांच्या तपासण्यांत गेली.

निदान झाल्यावर डॉक्टरांनी चिठ्ठीवर औषधांच्या खाली ‘योगासने’ असा एकच शब्द लिहिला. मी घराजवळच्या वर्गात नाव घातले. पहाटे साडेपाचची वेळ, चाळीस माणसे आणि पहिल्याच दिवशी बारा सूर्यनमस्कार. पाय पसरून पुढे वाकण्याच्या पश्चिमोत्तानासनात शिक्षक मागून आले आणि ‘अजून थोडे, अंग सोडा’ असे म्हणत त्यांनी पाठीवर हलका दाब दिला. त्यांचा हेतू चांगला होता; या आजाराचे नावही त्यांच्या कानावर आलेले नव्हते आणि मलाही ते सांगण्याचे सुचले नाही. नव्या व्यायामाचे दुखणे असेल असे समजून मी तीन दिवस रेटले. पुढचे पाच दिवस केस विंचरायला हात वर जात नव्हता. त्यानंतर दीड वर्ष योग हा आपला प्रांत नव्हे, अशीच माझी समजूत होती.

दुसऱ्या वेळी भेटलेल्या योगशिक्षिका बाईंनी आधी अर्धा तास नुसते विचारून घेतले. पहिला महिनाभर दिवसाला वीस मिनिटे, त्याहून अधिक नाही. गुडघ्यांखाली घोंगडीची गुंडाळी ठेवून शवासन, पाठीखाली लोड आणि मांड्यांखाली चादरीच्या घड्या घेऊन सुप्त बद्धकोणासन (उताणे पडून तळवे जुळवून गुडघे बाजूंना सोडणे), खुर्चीत बसून खांदे आणि मान सावकाश फिरवणे, शेवटी भ्रामरी, म्हणजे भुंग्यासारखा गुंजारव करत श्वास सोडणे. पहिल्या दिवशी त्या लोडावर पडल्यावर बरगड्या दोन्ही बाजूंना उघडल्या आणि श्वास पोटापर्यंत उतरला, तेव्हा आपण कितीतरी महिने खांदे कानांपाशी ओढून जगत होतो हे मला कळले. बाईंचा नियम मात्र कडक होता: दिवस चांगला असला तरी ठरल्यापेक्षा एक मिनिटही जास्त करायचे नाही. या आजारात हा नियमच सर्वांत महत्त्वाचा आहे असे मला वाटते. अंग जरा हलके वाटले की आपण साचलेली सगळी कामे काढतो, माळे झाडतो, डबे घासतो आणि पुढचे दोन दिवस त्याची किंमत मोजतो; आसनांचेही तसेच होते. मी वहीत काय केले, रात्री झोप कशी लागली आणि दुसऱ्या दिवशी ठणका किती होता, असे तीन रकाने आखले. उभ्याने करायच्या आसनांना हात लावायला मला चार महिने लागले.

आजार गेलेला नाही, रात्रीची गोळीही चालू आहे. पण झोप सुधारली आणि आता दोन माणसांच्या पोळ्या मी मध्ये न बसता लाटते.

हा केवळ माझा अनुभव नाही. अमेरिकेतील ओरेगॉनच्या आरोग्य विद्यापीठात ५३ महिलांवर झालेल्या आणि २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात सौम्य आसने, ध्यान आणि श्वसन यांच्या आठ आठवड्यांच्या कार्यक्रमानंतर वेदना सरासरी २४ टक्क्यांनी आणि थकवा ३० टक्क्यांनी कमी झाल्याचे आढळले. अभ्यास लहान होता आणि तुलनेच्या गटाला फक्त नेहमीचे उपचार मिळत होते, म्हणून त्यावरून मोठे दावे करू नयेत. युरोपातील संधिवाततज्ज्ञांच्या संघटनेनेही २०१६ च्या शिफारशींत ठाम पाठिंबा दिला तो केवळ व्यायामाला. योग, ताई ची (संथ हालचालींचा चिनी व्यायाम) यांसारख्या ध्यानयुक्त हालचालींची शिफारस केली, पण सौम्य शब्दांत. म्हणूनच ‘आजार मुळापासून बरा’ अशा जाहिराती वाचून कोणी गोळ्या एकदम बंद करू नयेत आणि आपल्यासारख्या दैनिकांनी असा मजकूर पारखून घ्यावा, ही विनंती.

मला खंत वाटते ती वेगळ्या गोष्टीची. लोणावळ्याच्या कैवल्यधामात १९२४ पासून योगाचा प्रयोगशाळेत अभ्यास होत आला आहे. लोड, दोर, ठोकळे आणि खुर्च्या यांच्या आधाराने आजारी माणसालाही आसन जमवून देण्याची बी. के. एस. अय्यंगार यांची पद्धत पुण्यातून जगभर गेली. पतंजलींनी आसन स्थिर आणि सुखकर असावे असे म्हटले आहे. हे सगळे घरचे असताना आमच्या वॉर्डावॉर्डांतल्या वर्गांत मात्र सगळ्यांसाठी एकच गती आणि एकच वेळ असते, तीही पहाटेची. या रुग्णांचे अंग पहाटेच सर्वाधिक आखडलेले असते. डॉक्टरांनी चिठ्ठीवर ‘योगासने’ऐवजी ‘सौम्य, आधार घेऊन, वीस मिनिटांपासून’ असे लिहिले आणि योगशिक्षकांनी नाव घालतानाच आजार विचारला, तरी पुष्कळ त्रास वाचेल.

महानगरपालिकेच्या ज्या सभागृहांत सकाळचे योगवर्ग भरतात, तेथे आठवड्यातून दोन दुपारी संथ गतीचा वर्ग सुरू करावा, अशी माझी मागणी आहे. आमच्या भागातले सभागृह दुपारी तीन ते पाच रिकामेच असते. लग्नकार्यासाठी आणलेल्या बिनहाताच्या खुर्च्या तेथे भिंतीशी रचून ठेवलेल्या आहेत. चादरी आम्ही घरून आणू.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका, सांगली