अंगणवाडीच्या मदतनीस मावशींना

मावशी,

तुमच्यासमोर उभं राहून बोलायला लागले की मला रडू येतं, म्हणून लिहिते आहे. चार लोकांनी वाचावं म्हणून उघडं लिहिते आहे. नाव लिहीत नाही, तुम्हाला ते आवडायचं नाही. गावात सगळ्यांना कळेलच.

सोहमला तालुक्याच्या शाळेतून काढून तुमच्याकडे आणलं, तेव्हा त्याच्या वहीवर लाल शाईत शेरा होता, ‘हात चालत नाही.’ चार वर्षांचं लेकरू! पेन्सिल मुठीत धरायचा, तरी रोज पानभर एबीसीडी गिरवायला. नाही जमलं की पाठीत धपाटा. फी मात्र एक महिना चुकू दिली नाही. तो राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही.

तुम्ही पेन्सिल दिलीच नाही. तुरीच्या शेंगा सोलायला दिल्या. कापसातली सरकी काढायला लावली, मग त्याच कापसाच्या वाती वळायला. कणकेच्या गोळ्यात शेंगदाणे लपवून चिमटीने शोधायला सांगितले. आपल्या वर्धा जिल्ह्यात कोणत्या घरी यातलं काही नसतं? पुढे थेरपिस्ट मॅडमना दाखवलं तेव्हा कळलं, मनगटातली आठही हाडं जन्मताना कूर्चेचीच असतात, एकेक करत पक्की व्हायला कित्येक वर्षं जातात. आधी खांदा आणि दंड सावरतो, बोटांचा नंबर शेवटी. चिमटीत जोर आला की पेन्सिल तीन बोटांत बसते. त्या म्हणाल्या, मावशी करून घेतात तेच चालू ठेवा.

पण मी जन्मभर विसरणार नाही ती गोष्ट वेगळीच आहे. मी त्याला न्यायला आले होते. बाकीची पोरं गेली होती, खिचडीचं गंज घासायचं पडलं होतं. सोहम शर्टाचं बटण लावत होता. काज सापडलं की बटण निसटायचं. मी पुढे झाले तर तुम्ही मला अडवलं. “थांब व माय, त्याचं त्याले लावू दे.” मग त्याच्यासमोर खाली बसलात आणि आपले दोन्ही हात मांडीखाली दाबून धरलेत, मदतीला पुढे जाऊ नयेत म्हणून. बटण अर्धं आत गेलं, अडकलं. त्याने अंगठ्याने रेटलं आणि पलीकडून ओढून घेतलं. तुम्ही टाळ्या वाजवल्या नाहीत. एवढंच म्हणालात, “आता वरचं.”

लेकरावर इतका भरवसा मी कोणत्याही शिकल्यासवरल्या माणसात पाहिला नाही. हाताच्या कामातून शिक्षण द्यावं, हे गांधीजींनी १९३७ साली आपल्या वर्ध्यातच परिषद भरवून मांडलं होतं. तालुक्याच्या त्या शाळेपर्यंत ते पोचलं नाही. तुम्ही सेविकेपेक्षाही कमी मानधनावर, चुलीपाशी बसून, ते रोज करता. आणि लोक तुम्हाला ‘खिचडीवाली बाई’ म्हणतात. आता माझ्यासमोर कोणी म्हणून तर पाहावं.

तान्हा पोळा जवळ आला आहे. सोहम लाकडी बैलासाठी मण्यांची माळ ओवतो आहे, कोणाला हात लावू देत नाही. बैल घेऊन पहिल्यांदा तुमच्याच दारी येणार म्हणतो. दारी आलेल्या पोरांच्या हातावर ठेवायचा बोजारा तयार ठेवा मावशी.

तुमची,
सोहमची आई