चप्पल हुंगवू नका, कुशीवर वळवा

महोदय,

गेल्या मंगळवारी सकाळच्या लोकलमध्ये, लेडीज डब्यात, भांडुप गेल्यावर एका मुलीला फिट आली. डोळे फिरले, दातखीळ बसली, हातपाय झटके देऊ लागले. बायका लगेच धावल्या. पण एकीने चप्पल काढून तिच्या नाकाशी धरली, दुसरीने मुठीत किल्ल्या कोंबल्या, तिसरी दातांत घालायला डब्यातला चमचा शोधू लागली. मी तिला कुशीवर वळवलं, डोक्याखाली ओढणीची घडी सरकवली आणि घड्याळ बघत बसले. दोन मिनिटांत झटके थांबले. भानावर येताच ती पुटपुटली, ‘ऑफिसात कळणार नाही ना?’

मला हे सुचलं, कारण माझ्या मुलालाही सातव्या वर्षापासून फिट्स यायच्या. दोन योग्य औषधं पुरेशा मात्रेत घेऊनही फिट्स थांबत नसतील, तर शस्त्रक्रियेच्या दृष्टीने तपासणी करून घ्यावी, एवढं आमच्या कानावर यायला सहा वर्षं गेली. ती वर्षं कोण परत देणार? दिल्लीच्या एम्समध्ये औषधांना दाद न देणाऱ्या 116 मुलांवर झालेला अभ्यास 2017 मध्ये प्रसिद्ध झाला. शस्त्रक्रिया झालेल्यांपैकी 77 टक्के मुलांना वर्षभरानंतर फिट येत नव्हती. नुसत्या औषधांवर हे प्रमाण 7 टक्के होतं. शस्त्रक्रियेत जोखीम आहे आणि ती प्रत्येकाला लागू पडत नाही. पण निदान विचारायचं तरी काय, हे आईबापांना ठाऊक हवं. माझा मुलगा आज एकटा लोकलने कॉलेजला जातो.

अपस्मार, म्हणजे हाच फिट्सचा आजार, असलेल्याचं लग्न होऊ शकत नाही, ही कायद्यातली अट 1999 मध्येच निघाली. तरी स्थळं बघायची वेळ आली की गोळ्यांची पाकिटं कपाटात साड्यांखाली जातात. लपवलेल्या आजाराची माणसं शस्त्रक्रियेपर्यंत पोहोचणार कशी?

रूळ ओलांडू नका, हे रेल्वे दिवसभर सांगते. त्यातच एवढं सांगावं, ही माझी कळकळीची विनंती आहे: फिट आलेल्याला कुशीवर वळवा, तोंडात काही घालू नका, हातपाय दाबून धरू नका, आणि पाच मिनिटांत झटके थांबले नाहीत तर थेट दवाखान्यात न्या.

– एक आई, मुलुंड (पूर्व), मुंबई